राख आणि मणी

अक्का कामावरून घरी यायची तेव्हा तिच्या पावलांआधी तिच्या पदराचा वास उंबऱ्याच्या आत येई. जळक्या केसांचा, किंचित उग्र, नाकात रेंगाळणारा वास. आश्विनातली संध्याकाळ असे, औद्योगिक वसाहतीतल्या पोलादाच्या भट्ट्यांचा धूर मावळतीच्या तांबूस उजेडात पसरलेला असे, शेजारच्या घरात लसणाची फोडणी पडलेली असे. पण या साऱ्यांतून तिचा वास वेगळा काढता येई, जसा पांढऱ्या कळपातून काळा मेंढा काढता यावा. दिवसभर ती लोकर जाळायची. चिमटीत धरलेला पुंजका ज्योतीशी न्यायचा, तो आक्रसताना आणि आपणहून विझताना बघायचा, उरलेली राख बोटांत चुरडायची आणि डोळे मिटून हुंगायची. शेजारणी तोंडावर काही बोलत नसत, पण ती जिन्यात दिसली की पदर नाकाला लावीत. मला मात्र तो वास आमच्या वडिलांच्या अंगणाचा वाटे.

सुमन हे तिचं नाव, पण मी धाकटी बहीण, त्यामुळे माझ्यासाठी ती अक्काच. जालन्यातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत ती लोकरीची शास्त्रज्ञ आहे. सूक्ष्मदर्शकाच्या नळीला आयुष्य लावल्यामुळे तिचा डावा डोळा आता कायमचा अर्धवट मिटलेला असतो, आणि अनोळखी माणसाला वाटतं की ही बाई आपल्यावर संशय घेते आहे. त्यात त्याचं फारसं चुकत नाही. माणसाचा चेहरा बघण्याआधी ती त्याच्या अंगावरची शाल बघते. पाहुणा बसला की त्याच्या मफलरीचं टोक तिच्या अंगठ्यात आणि तर्जनीत कधी जातं ते त्यालाही कळत नाही. ती हसते थोडं, बोलते त्याहून थोडं. मी बदनापूरच्या कॉलेजात मराठी शिकवते, शब्दांचा डोंगर रोज उपसते. तिच्याजवळ बसलं की मला माझीच बडबड जड वाटू लागते.

तिनं एकदा मला त्या नळीतून पाहायला लावलं होतं. एका काचेवर आमच्या दख्खनी मेंढीचा काळा तंतू होता, त्याच्या अंगावर मासळीसारखे खवले एकावर एक रचलेले. दुसऱ्या काचेवर कारखान्यात रसायनातून ओढलेला धागा होता, त्याला ना खवला ना पेर, नुसता गुळगुळीत. आमच्या भागातली लोकर जाडीभरडी. कोणताही काळा रंगवलेला कृत्रिम धागा तिच्यात बेमालूम लपतो, आणि लपलेल्याला हुडकून काढणं हेच अक्काचं संशोधन. त्यासाठी ती आधी स्वतःच्या हातानं भेसळ करायची, रुपयात दोन पैसे, रुपयात पैसा, त्याहूनही कमी, आणि मग आपण केलेली लबाडी आपणच पकडायची. कॉस्टिक सोड्यात लोकर उकळली की ती विरघळून जाते, आणि जे लोकर नाही ते तळाशी राहतं. हे सांगताना तिचा आवाज एरवीपेक्षा हळू होई.

एवढं बारीक कातून करायचं काय, असं मी एकदा वैतागून विचारलं होतं. बर्नर विझवता विझवता, मान वर न करता, भाजीत मीठ घातल्याचं सांगावं तशी ती बोलली.

"मामासाठी करून राह्यले."

आमचं गाव केदारखेड्याहून पुढं, पूर्णेच्या काठचं. पावसाळा सरून नदीचं पाणी निवळलं की मेंढरं डोहात धुवायची, उन्हात वाळवायची आणि कातरायची. मग आमच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत घोंगडीच्या उभ्या धाग्यांचा ताणा ताणला जाई, आणि आबा, म्हणजे आमचे वडील लिंबाजी, चिंचोक्याची खळ कुंच्यानं त्यावर चढवत पुढं-मागं चालत राहत. काळ्या धाग्यांवर पडलेलं ते कोवळं ऊन मला अजून दिसतं. काळा रंग इतका उजळ असू शकतो हे मी पुढं कुठंच पाहिलं नाही. अक्का ताण्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून तुटलेले धागे जोडायची. तिची बोटं तेव्हापासूनच शहाणी होती.

बाजारात गिरणीचं सूत येऊ लागल्यापासून विणकरांना एक सवय लागली होती. कुणाकडूनही सूत आलं की पुंजका दिव्यावर धरायचा. केसाचा वास आला, राख बोटांत चुरली, तर लोकर. वितळून कडक मणी झाला, तर सूत आल्या वाटेनं परत. आबाही प्रत्येकाचं सूत असंच बघत, एका माणसाचं सोडून. सोयऱ्याचं सूत आमच्यात जाळत नाहीत. बायकोच्या भावानं आणलेली लोकर दिव्यावर धरणं म्हणजे त्यानं दिलेल्या बहिणीवरच संशय घेणं. तेवढ्यावरून घरं तुटलेली आहेत.

आमचे रंगनाथमामा मंठ्याला सुताचा आणि घोंगड्यांचा व्यापार करीत. आम्ही शाळकरी असताना एका वर्षी देवाची घोंगडी विणायचा मान आबांकडे आलेला होता, आणि मामा स्वतः काळ्याभोर सुताची पोती घेऊन आले. आपल्याच कळपाची लोकर, फक्त मशीनवर कातून आणली, असं त्यांनी सांगितलं. आबांनी सूत हातात घेतलं, क्षणभर थांबले, दिव्याकडे पाहिलंसुद्धा. मग आईकडे पाहिलं आणि ताणा लावायला घेतला. आयुष्यात त्यांनी केलेली चूक ती एवढीच.

देवाच्या घोंगडीचा आमच्या गावात एक रिवाज आहे. दसऱ्याच्या सांजेला बिरोबापुढं ती अंथरतात. देणारा माणूस अनवाणी तिच्यावर उभा राहतो, भंडारा उधळतो, आणि त्याचे पाय घोंगडीवर आहेत तोवर त्याला कुणी काहीही विचारलं तरी त्यानं खरंच सांगायचं. बांधाचे, पाण्याच्या पाळीचे किती तंटे त्या चार हात लोकरीवर मिटलेले लोकांना आठवतात. अट एकच, घोंगडी निखळ लोकरीची हवी. मेंढीच्या अंगावर न वाढलेलं एक सूत जरी तिच्यात असलं, तरी शपथ लागू होत नाही.

त्या सांजेला आबा उभे होते, पिवळ्या भंडाऱ्यात न्हालेले, आणि सखाराम भगत देवापुढची दिवटी घेऊन घोंगडीवर आला. दिवटीतून एक निखारा पडला. लोकरीवर निखारा पडला तर काळा डाग पडतो आणि निखारा गुदमरतो, हे धनगराच्या तान्ह्या पोरालाही ठाऊक. इथं घोंगडी भडकली, वितळली, आणि तिचा चिकट काळा रस भगताच्या तळपायाला डसला. भगताची किंकाळी आणि त्यामागून आलेला तो घाण, गोडसर वास, दोन्ही माझ्या आठवणीत एकत्रच आहेत. आग विझल्यावर भगतानं कण्हत आबांना विचारलं की सूत कुठलं. मामा समोरच होते, पहिल्या रांगेत, हात बांधून. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बायकांत उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं.

"सूत माझंच हाय," आबा म्हणाले.

खोट्या घोंगडीवर बोललेलं खोटं, त्याला शपथ लागली नाही. पण कलंक लागला. लिंबाजीनं देवाला फसवलं, हे वाक्य गावानं त्या सांजेला उचललं आणि पुढं कधी खाली ठेवलं नाही. मामांनी घोंगडं झटकलं आणि थेट मंठा गाठला. आबांनी काही दिवसांतच मागाचा खड्डा मातीनं बुजवला. ज्या खड्ड्यात पाय सोडून ते जन्मभर बसले, तो त्यांनी स्वतः कुदळीनं भरला, वर पाणी शिंपडलं, तुडवून सपाट केला. पुढं ते दुसऱ्यांच्या शेतात राबले, कुणाशी भांडले नाहीत, आणि एका उन्हाळ्यात ताप येऊन गेले. त्यांच्या तिरडीला खांदा द्यायला भावकी आली खरी, पण भगत आला नाही.

अक्कानं त्या सांजेला देवळाच्या फरशीवरून एक काळा मणी उचलला होता, वितळून घट्ट झालेला, वाटाण्याएवढा. आईच्या जुन्या पितळी करंड्यात तिनं तो ठेवला. लोक म्हणतात नागीण डूख धरते. आमच्या घरात तो डूख करंड्यात राहत होता, आणि रोज वेणी घालताना अक्का त्याचं झाकण उघडून बंद करायची. तिचं विज्ञान शिकणं, परगावी राहून वस्त्रांची विद्या घेणं, मोठ्या शहरातली नोकरी सोडून पुन्हा जालन्याला येणं, हे सगळं काहींना हुशारीचं वाटलं, काहींना वेडेपणाचं. मी त्या करंड्याकडे बघून समजायची ते समजायची. तिला एकच वाक्य हवं होतं, त्याच फरशीवर, त्याच भगताच्या तोंडून, की लिंबाजीनं देवाला फसवलं नाही.

माझा राग पाचोळ्याचा आहे, भसकन पेटतो आणि चार शिव्यांत विझतो. तिचा राग गोवरीचा. वरून पांढरी राख, कुणी हात लावला तर थंड वाटावी, आणि आत दिवसचे दिवस लाल. मामा दिवाळीला घरी आले की ती त्यांना पाट देई, चहा देई, खाली वाकून नमस्कारही करी. मी आत भांडी आपटायची. आबा ज्या बाईसाठी गप्प बसले ती बाई जिवंत आहे तोवर तिचं माहेर मोडायचं नाही, असं तिनं आपल्याशी ठरवलेलं होतं, आणि हे तिनं मला फार उशिरा सांगितलं.

आई गेल्या वर्षी गेली. शेवटचं माहेरचं लुगडं घेऊन मामा आले, ढसाढसा रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं हे मला कबूल करावं लागतं. अक्कानं लुगड्याची घडी उलगडली, तिच्या सवयीनं काठ दोन बोटांत धरला, आणि आईच्या अंगावर पांघरला. त्या दिवशी तिचा अर्धा मिटलेला डोळा पूर्ण उघडा होता.

त्यानंतर थंडीच्या तोंडावर मामा प्रयोगशाळेत आले. आता त्यांचं मोठं दुकान झालेलं, शहरातल्या लोकांना अस्सल देशी घोंगडीचं वेड लागलेलं, आणि भाव अस्सलालाच मिळत असल्यामुळे मामाही अस्सल झालेले. शुद्धतेचा दाखला हवा होता, आणि तो भाचीच्याच हातचा असला तर बराबर, असं ते म्हणाले. अक्कानं पाणी दिलं, नमुना ठेवून घेतला. पुंजका जाळला, तर राख. सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर प्रत्येक तंतूवर खवले. सोड्यात उकळला, तर सगळं विरघळलं आणि काचपात्राच्या तळाशी काहीच उरलं नाही. ज्या विद्येचं शस्त्र तिनं या एका माणसासाठी परजलं होतं, त्या विद्येनं त्याला निर्दोष ठरवलं.

हे तिनं मला सांगितलं तेव्हा माझा पाचोळा पेटला. मी म्हटलं, एक ओळ बदल, लिही की भेसळ सापडली, कोण बघणार आहे. त्यानं आबांचं आयुष्य एका गप्प बसण्यानं मोडलं, तू त्याचं दुकान एका ओळीनं मोड. तिनं बर्नरची निळी ज्योत बारीक केली.

"खोटा दाखला देल्ला," ती म्हणाली, "तर मंग मामा घोंगडीवर हुबा कसा राहील?"

मला तेव्हा अर्थ लागला नाही. तिनं खरा दाखला दिला, आणि मामांना फक्त एक सुचवलं, की या लोकरीची पहिली घोंगडी देवाला द्या, येत्या दसऱ्याला, मीही येईन. मामांना ते फारच आवडलं. कित्येक वर्षांत गावात निखळ घोंगडी अंथरली गेली नव्हती. बाजाराची आणत, आणि तिच्यावर उभा राहून माणूस काहीही बोलला तरी लोक हसून म्हणत, मिसळीच्या घोंगडीवर शपथही मिसळीचीच. मामांना मान हवा होता. अक्काला शपथ लागेल अशी चार हात लोकर हवी होती, आणि ती साऱ्या जिल्ह्यात एकट्या मामाकडेच होती. काट्यानं काटा काढतात असं आपण म्हणतो, पण समोरच्याच्या हातूनच तो काटा आपल्या हाती यावा, यासाठी किती वाट पाहावी लागते ते मी तिच्याकडून शिकले.

या दसऱ्याला बिरोबाच्या माळावर कुसळी गवत पिकून पिवळं झालं होतं आणि ढोलांचा आवाज त्याच्यावरून घसरत नदीकडे जात होता. घोंगडी अंथरली. काळीभोर, जाड, मावळतीचं ऊन पिऊन टाकणारी. सुंदर होती, तेही कबूल करते. मामा अनवाणी तिच्यावर उभे राहिले, भंडारा उधळला, आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की सूत निखळ आहे, भाचीचा दाखला आहे. अक्का बायकांतून पुढं गेली. घोंगडीच्या काठाचा पुंजका तिनं उपटला, दिवटीवर धरला, आणि उरलेली राख सखाराम भगताच्या तळहातावर ठेवली. भगत आता म्हातारा झालाय, जळलेल्या पायानं लंगडत चालतो. त्यानं राख चुरडली, हुंगली, आणि मान डोलावली. लोकांत समाधानाची कुजबुज झाली. मामांनी हात जोडले.

मग अक्कानं करंडा उघडला आणि तो मणी मामांच्या जोडलेल्या हातांत ठेवला.

"अजून तुमचे पाय घोंगडीवर हायेत, मामा. आबाच्या घोंगडीचं सूत कोणी देल्तं, ते सांगा."

ढोल आधीच थांबले होते की त्या क्षणी थांबले, मला सांगता येणार नाही. मामांचे ओठ हलले. त्यांनी मण्याकडे पाहिलं, घोंगडीकडे पाहिलं, जिचा प्रत्येक तंतू खरा असल्याची ग्वाही त्यांनी नुकतीच स्वतःच्या तोंडानं दिली होती.

"लई जुनं झालं ते, पोरी."

"जुनं आसंल," सखाराम भगत म्हणाला. "घोंगडी तर नवी हाय."

 मामांनी उजवा पाय उचलला, घोंगडीच्या काठापलीकडे मातीत ठेवला, मग डावा. घोंगडीवर खोटं बोलायचं धाडस त्यांना झालं नाही आणि खरं बोलायचंही झालं नाही, म्हणून ते उतरले; आणि साऱ्या माळानं ते उतरणं पाहिलं. भगत लंगडत रिकाम्या घोंगडीवर गेला, मधोमध उभा राहिला, आणि गावाकडे तोंड करून त्यानं ते वाक्य उच्चारलं.

"लिंबाजीनं देवाला फसवलं न्हाई."

क्षमा, उदारता वगैरे मी वर्गात पोरांना शिकवते. त्या सांजेला मला नुसता आनंद झाला, पोट भरल्यासारखा, आणि तो अजून जिरलेला नाही. मामा गर्दीतून गाडीपर्यंत गेले तेव्हा कुणी त्यांची वाट अडवली नाही, कुणी राम राम घातला नाही. आमच्यात आता सोयऱ्याचंही सूत दिव्यावर धरतात. धरताना म्हणतात, जरा रंगनाथ करून बघ. मामांच्या कानावर हे गेलं असेल, निदान मी तरी तशी व्यवस्था केलेली आहे.

अक्का मात्र त्या सांजेला माळावरून सरळ आमच्या जुन्या घराच्या जागेकडे गेली. मागाचा खड्डा होता तिथं आता तरवड उगवलाय, पिवळ्या फुलांचा, आणि खड्डा कुठून कुठपर्यंत होता ते आम्हा दोघींशिवाय कुणालाही दाखवता येणार नाही. ती तिथं उभी राहिली, पायानं जमीन चाचपली. भगताच्या तळहातावरची थोडी राख तिनं मागून घेतली होती आणि रिकाम्या करंड्यात टाकली होती. मी विचारलं, आता काय करशील.  दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कामावर गेली.

गावाहून घरी येईपर्यंत करंड्यातली राख हलून हलून नाहीशी झाली होती, पितळेवर बोटभर काळपट डाग उरला होता एवढंच. मणी इतकी वर्षं जसाच्या तसा टिकला, आणि तो मामांच्या हातात आहे. मामा तो फेकू शकत नाहीत आणि ठेवूही शकत नाहीत, असं मी समजून चालते. आबा गेले तेव्हा मागं काहीच ठेवून गेले नाहीत, ना फोटो, ना माग, ना धड नाव, याचं मला फार दुःख होतं. आता संध्याकाळी कधी तो करंडा उघडते, आत बघते, आणि वाटतं की काळानं निखळ माणूस जाळला की मागं एवढंच उरायचं: पितळेवरचा काळपट डाग, आणि जिन्यातून वर येणारा तो वास.